शेजारचं पुस्तक

अमरावतीत अंबागेटाच्या आत सुबोध वाचनालय नावाचं एक वाचनालय होतं, आणि तिथं पुस्तक हवं असेल तर आधी किल्ली मिळवावी लागे. वाचनालयाला सात कपाटं होती आणि सातही कुणा ना कुणाच्या स्मरणार्थ मिळालेली. ज्या घरानं कपाट दिलं त्याच घरची पुस्तकं आत, दारावर त्या घरच्या दिवंगताचं नाव पितळी पट्टीवर, आणि किल्ली त्या घरी. दात्याचा मान म्हणून पहिल्या वर्षी कुणीतरी ही पद्धत पाडली, दुसऱ्या वर्षी ती पक्की झाली, आणि तिसऱ्या वर्षी तिच्याविरुद्ध बोलणं म्हणजे मेलेल्या माणसांचा अपमान ठरू लागला. आपल्याकडं रीत जन्माला यायला एवढा वेळ पुष्कळ होतो.

ग्रंथपाल गोवर्धन हा शहराबाहेरच्या वाडीतला, भाजीपाला पिकवणाऱ्या माळ्याच्या घरचा. घराण्यात मॅट्रिक झालेला पहिलाच. त्याच्याकडं वाचनालयाची एकच जाड नोंदवही होती आणि तिच्यातही पुस्तकं दात्यांच्या नावांखालीच लिहिलेली. कुणी येऊन विचारलं, ‘मुडदुसावर काही आहे का?’ की गोवर्धन सगळी वही पहिल्या पानापासून चाळायचा. नावावरून एखादं पुस्तक कामाचं वाटलं, तर ते कोणत्या कपाटात, त्याची किल्ली कोणत्या घरी, त्या घरचं माणूस गावात आहे की नाही, हे पाहायचं. मग चपला घालायच्या. वाचनालयाचा ग्रंथपाल दिवसातला निम्मा वेळ उन्हात हिंडत असे आणि लोकांना वाटे, पोराला कामाची फार हौस.

सन छत्तीसच्या उन्हाळ्यात बडनेऱ्याच्या पलीकडून पंजाबराव नावाचे एक शेतकरी आले. धोतराच्या सोग्यात त्यांनी संत्र्याच्या चार वाळक्या डहाळ्या बांधून आणल्या होत्या. त्यांची दोनशे झाडांची बाग शेंड्याकडून वाळत चालली होती आणि खोडातून डिंक गळत होता. ते म्हणाले, “इथं हजार पुस्तकं हायेत म्हन्तेत. एखांद्यात तं लिवलं असंन ना जी?”

असंन, असं गोवर्धनलाही वाटलं. त्यानं वही चाळली, तीन किल्ल्या गोळा केल्या, दोन दिवस तीन कपाटं उपसली. चौथं कपाट माणिकबाईंच्या स्मरणार्थ दिलेलं, रिद्धपूरच्या महानुभाव पंथातल्या एका भाविक घराचं. त्यात पोथ्याच असणार, शिवाय किल्ली त्या घरच्या सुनेच्या कमरेला, आणि सून लग्नाला अकोल्याला गेलेली. पंजाबराव दोन रात्री धर्मशाळेत काढून आले तसे परत गेले. जाताना एक शब्द वाकडा बोलले नाहीत, याचंच गोवर्धनला जास्त वाईट वाटलं.

महिन्यानं सून परतली. कपाट उघडलं, तर पोथ्यांच्या मागं फळबागांवरचं एक बारीकसं पुस्तक निघालं, वहीतलं नाव पाहून पोथीच वाटावी असं, आणि त्यात अख्खं प्रकरण संत्र्याच्या डिंक्या रोगावर. खोड खरवडा, मोरचूद आणि चुना कालवून लावा. गोवर्धननं ते सगळं एका कार्डावर उतरवून पंजाबरावांना पाठवलं. उत्तर आलं. “कार्ड पोचलं. साठ झाडं आधीच तोडली होती. बाकीच्यायले मोरचूद लावला, ते उभे हायेत. तुमचे उपकार हायेत.”

उपकार हा शब्द गोवर्धनला बोचला. साठ झाडं. पुस्तक भिंतीपलीकडंसुद्धा नव्हतं, त्याच खोलीत होतं, पंजाबराव बसले होते त्या बाकापासून चार हातांवर.

पावसाळ्यात त्यानं पंधरा दिवसांची रजा काढली आणि नागपूर गाठलं. तिथल्या एका कॉलेजात वाचनालय सांभाळणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी त्याला पुस्तकं विषयवार लावायची विद्या शिकवली. सगळ्या ज्ञानाच्या दहा खोल्या करायच्या, प्रत्येक खोलीत दहा फडताळं, प्रत्येक फडताळात दहा कप्पे. पुस्तक कुणी दिलं, कुणी लिहिलं, जाड की बारीक, काही पाहायचं नाही. ते कशाबद्दल आहे तेवढं पाहायचं आणि त्या कप्प्याचा आकडा त्याच्या पाठीवर चिकटवायचा. आकड्यांना आकडे लागून ठेवले की एका विषयाची सगळी पुस्तकं आपसूक शेजारी येतात. यादी विलायती होती, त्यामुळं धर्माच्या खोलीत बहुतेक सगळे कप्पे पाद्र्यांनी अडवलेले आणि आपल्या साधुसंतांना दाराशी एक कोपरा. “तिथं तुमचं तुम्ही ठरवा,” म्हातारे म्हणाले. “यादी माणसानं केली आहे, माणसानं वाढवावी.” ते कार्डांबद्दलही बरंच सांगत होते, पण गोवर्धनच्या डोळ्यांपुढं संत्र्याची साठ झाडं होती. त्यानं अर्धं ऐकलं.

परत येऊन कार्यकारिणीला सगळं समजावून सांगावं, हा सरळ रस्ता होता. गोवर्धन त्या रस्त्यानं गेला नाही. वाचनालयाचे अध्यक्ष खुशालराव, निवृत्त हेडमास्तर, भला माणूस पण भिडस्त. सात घरांना विचारायचं म्हटलं असतं तर सात वर्षं गेली असती. दिवाळी तोंडावर होती. गोवर्धन त्यांना म्हणाला, “भिंतीइले चुना माराचा हाय. कपाटं रिकामे करा लागतीन. सगळ्यायच्या किल्ल्या मांगवा.” खुशालरावांनी चिठ्ठ्या पाठवल्या, किल्ल्या आल्या. चुना खरोखर मारला गेला, एवढं गोवर्धनच्या बाजूनं म्हणायला हवं.

मग आश्विन आणि कार्तिक, दोन महिने त्यानं एक एक पुस्तक हातात घेतलं. नावावर विसंबायचं नाही हे तो मोरचुदापासून शिकला होता. प्रत्येकाची अनुक्रमणिका वाचायची, मधली पानं चाळायची आणि मग आकडा द्यायचा. एका पुस्तकात तीन विषय निघाले तर मुख्य विषयाचा आकडा पुस्तकाच्या पाठीवर आणि बाकीच्यांच्या चिठ्ठ्या विषयांच्या पेटीत. छापखान्यातून लग्नपत्रिकांचे उरलेले कोरे पुठ्ठे त्यानं त्यासाठी मागून आणले होते. कार्तिक संपता संपता अकराशे चाळीस पुस्तकं विषयवार उभी राहिली. कपाटांची दारं दिवसभर उघडी असत आणि कुणीही जाऊन बघावं.

आता कुणी विचारलं, “कपाशीवर काही हाय?” की गोवर्धन बसल्या जागेवरून बोट दाखवी. शाळामास्तर येऊ लागले, एक वैद्य येऊ लागले, बडनेऱ्याहून रेल्वेतले दोन कारकून पाळी संपली की येऊ लागले. एक पुस्तक मागायला आलेला माणूस त्याच्या शेजारची दोन घेऊन जाई. गोवर्धन घरी जाताना शीळ घालू लागला. माणूस इतका खूश असतो तेव्हा त्यानं जरा इकडंतिकडं पाहावं, पण तेवढं कोण पाहतं.

मार्गशीर्षात भगवंतराव वकिलांची पुण्यतिथी आली.

भगवंतराव मूळ तेल्हाऱ्याकडचे. तिकडं काळ्या जमिनीची मोठी शेती, इकडं अमरावतीच्या कोर्टात वकिली. अकरा वर्षांपूर्वी ते गेले आणि त्यांची तीनशे बारा पुस्तकं वाचनालयाला मिळाली. सगळी एकजात तांबड्या चामड्यात बांधलेली, पाठीवर नाव नाही, नुसता नंबर. वकिलाला कायद्याच्या पुस्तकांची सवय. ते कपाट वाचनालयात आलं तेव्हा कोर्टात जन्मभर त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले जानराव वकील अजून हयात होते. भगवंतरावांचं कपाट पाहून त्यांनी आपल्या वडलांच्या नावानं चार बोटं उंच कपाट करवून घेतलं आणि त्यात नवीकोरी पुस्तकं भरून दिली. तेही पुढं वारले. दोन्ही घरांचं बोलणं पहिल्यापासून नव्हतंच.

भगवंतरावांच्या पत्नी मैनाबाई दर वर्षी पुण्यतिथीला यायच्या. कपाटाला झेंडूचा हार घालायच्या, किल्लीनं दार उघडायच्या, पदरानं एक एक तांबडी पाठ पुसायच्या आणि निघायच्या. त्या वर्षीही आल्या. दार सताड उघडं होतं. आत एकही तांबडं पुस्तक नव्हतं, नाना रंगांची भलतीच पुस्तकं होती.

“गोवर्धन, हे काय हाय?”

“बाईसाहेब, पुस्तकं विषयवार लावले. सगळे इथंच हायेत, एकबी कुठं गेलं नाही.”

मैनाबाईंनी समोरचंच एक काढलं. गुरांच्या रोगांवरचं होतं. “हे कोनाचं?”

गोवर्धनला खोटं बोलता येत नव्हतं, चुन्याचा विषय सोडला तर. “जानरावसाहेबायचं.”

दुसरं कुणाचंही नाव चाललं असतं. मैनाबाईंनी पुस्तक जागेवर ठेवलं, हार पितळी पट्टीवर घातला आणि हात जोडले. मग वळून, आवाज न चढवता बोलल्या. “म्या किल्ली चुन्यासाठी देल्ली होती. आठ दिवसांत आमच्या यायचे तीनशे बारा पुस्तकं या कपाटात पाह्यजेत. नाहीतं नवव्या दिवशी गाडी पाठवीन, सगळे घरी नेईन.”

त्या गेल्यावर गोवर्धन बाकावर बसला. तीनशे बारा काढून पुन्हा कपाटात कोंबायला आठ दिवस कशाला, दोन पुरले असते. पण एक कपाट मागं गेलं की बाकीची सहाही जाणार, आणि दारांना कुलुपं लागणार. गाडी आली तर आणखी वाईट, तीनशे बारा पुस्तकं गावातूनच जाणार. मोरचुदाचं पुस्तक पुन्हा पोथ्यांच्या मागं जाईल आणि पुढच्या उन्हाळ्यात कुणीतरी पुन्हा डहाळ्या बांधून येईल.

संध्याकाळी खुशालराव आले. बातमी त्यांना आधीच लागली होती. “सोय झाली, हे मी मान्य करतो,” ते म्हणाले. “मी स्वतः मुळव्याधीवर तीन पुस्तकं एका जागी पाह्यली. पन बाईचं मन मोडून कशी चालन संस्था? लावलं तसं काढ, गोवर्धन. आन् मले सांग, चुन्याचं नाव कावून सांगतलं?”

खुशालराव छत्री उचलून गेले.

गोवर्धनची आई पार्बताबाई इतवाऱ्यात भाजी विकायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या दुकानापाशी पोत्यावर जाऊन बसला. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि विचारलं, “काहून रे, आज वाचनालय पळून गेलं का?”

त्यानं सगळं सांगितलं. सांगता सांगता तावात आला. “माय, तूच पाय ना. तुह्यासमोर पाच वाड्यायची भाजी हाय. तू वांग्यात वांगे टाकतं, मिरचीत मिरची. सहदेवच्या वाडीचे वांगे, मिरची, मेथी असा एक ढीग आन् आपल्या वाडीचा दुसरा, असं करतं का? गिऱ्हाईक वांगे मांगते. वाडी कोन मांगते?”

पार्बताबाई तराजूत वांगी टाकत होती. समोर एक बाई उभी होती. वांगी फडक्यात घेता घेता ती बाई म्हणाली, “कोनच्या वाडीचे हायेत व माय?”

“घरचेच हायेत, आमच्या वाडीचे,” पार्बताबाई म्हणाली. बाई समाधानानं गेली. मग पार्बताबाईनं मुलाकडं पाहिलं. “आयकलं? वांगे सगळे मांगतेत. घेतल्यावर वाडीबी सगळे पुसतेत. मी ढीग एकाच जागी लावतो, पन कोनाचं काय ते माह्या डोक्यात राह्यते. संध्याकाळी सहदेवले बराबर सांगतो, तुहे इतके वांगे खपले. नाही सांगतलं तं उद्या तो माल देईन का मले? तू त्या बाईचे पुस्तकं वाटून टाकले, तिले काय सांगतलं?”

“काय सांगाचं होतं?”

“आता मले काय पुसतं, एवढा शिकला तं.” तिनं त्याच्या पुढ्यात दोन पेरू ठेवले. “खाय. अन् उठ तिथून, गिऱ्हाईकायच्या रस्त्यात बसला तू.”

पेरू खात गोवर्धन परत निघाला आणि अंबागेटापाशी येता येता नागपूरच्या म्हाताऱ्यांचं न ऐकलेलं अर्धं त्याला आठवलं. पुस्तकाला एकाच जागी उभं राहावं लागतं. पण त्याची कार्डं हवी तितकी करता येतात. एक विषयाच्या पेटीत, एक लेखकाच्या, आणि वाटलं तर एक दात्याच्या. दात्यांची पेटी म्हणजे मिरवण्याचा प्रकार, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. आता कळलं की सहदेवला संध्याकाळी काय सांगायचं ते त्या पेटीत असतं. आपण मैनाबाईंना एका शब्दानं विचारलं नाही, हे त्याला तेव्हा खरोखर लागलं. त्याला स्वतःचाच राग आला आणि त्या रागात तो भराभर चालू लागला.

सहा दिवस त्यानं दुसरं काही केलं नाही. छापखान्यातले सगळे पुठ्ठे संपले, मग दुसऱ्या छापखान्यातले आणले. तीनशे बारा पुस्तकांची तीनशे बारा कार्डं. प्रत्येकावर डोक्याशी भगवंतरावांचं नाव, खाली पुस्तकाचं, त्याखाली ते आता कोणत्या कपाटात कितव्या फळीवर उभं आहे त्याचा आकडा, आणि पाठीमागं ते कुणी कधी वाचायला नेलं त्याच्या तारखा. वेगळी लाकडी पेटी, तिच्यावर भगवंतरावांचं नाव. बोटांना शाई इतकी लागली की आईनं त्याला भाकरीला हात लावू दिला नाही.

आठव्या दिवशी मैनाबाई स्वतःच आल्या. दारात दमणी उभी करून ठेवली होती, बैल सोडले नव्हते. वाचनालयात एक रेल्वेतला कारकून होता, तो ते पाहून उठून गेला.

“झालं?” मैनाबाईंनी विचारलं.

“नाही झालं,” गोवर्धन म्हणाला. “आन् चूक माही हाय. तुमाले पुसल्याबगर हात लावाले नको होता. पन जाच्या आधी एवढं पाहून घ्या.” त्यानं पेटी त्यांच्यापुढं ठेवली.

मैनाबाई अक्षर लावत लावत वाचायच्या. नवऱ्यानंच त्यांना शिकवलं होतं. पहिल्या कार्डावरचं नाव त्यांनी बोटानं वाचलं, दुसऱ्यावरचं वाचलं. मग एक कार्ड उलटून पाहिलं. मागं तीन तारखा होत्या, तीन नावं होती. दुसरं उलटलं. दोन. गेल्या अकरा वर्षांत त्या पुस्तकांना त्यांच्या पदराखेरीज कशाचा स्पर्श झाला नव्हता, हे त्यांना माहीत होतं.

“लोकं नेऊन राह्यले?”

“नेऊन राह्यले. आनूनबी देऊन राह्यले.”

त्या थोडा वेळ कार्डं चाळत राहिल्या. चेहरा निवळला होता, पण पेटीचं झाकण लावून त्या म्हणाल्या, “चांगलं केलं बापू. पन हे कागद झाले. अकरा वर्सं मी किल्ली संभाळली ते कागदासाठी नाही.”

“मंग कशासाठी, बाईसाहेब?”

हा प्रश्न गोवर्धननं सहज विचारला. मैनाबाई बाकावर बसल्या आणि हात मांडीवर ठेवून, खिडकीकडं पाहत बोलू लागल्या.

भगवंतराव गेले ते तेल्हाऱ्याच्या शेतावरच, मार्गशीर्षात. शेवटचे दोन महिने ते तिकडंच होते. हरभरा हिरवा होता आणि रोज सकाळी वरून करकोचे जायचे, लांबच लांब रांग करून, ओरडत. मैनाबाईंचं माहेर तिकडचंच. लहानपणापासून त्या हे पक्षी दिवाळीनंतर येताना आणि उन्हाळ्याच्या तोंडावर जाताना पाहत आलेल्या. एकदा त्यांनी नवऱ्याला विचारलं, हे येतात कुठून? भगवंतरावांना कुणी प्रश्न विचारला की बरं वाटायचं. त्यांनी पुस्तक काढलं आणि रोज संध्याकाळी थोडं थोडं वाचून दाखवू लागले.

“करकोच्यापर्यंत आले,” मैनाबाई म्हणाल्या. “वाचलं, मंग पुस्तक मिटून म्हनले, उद्या पाहून सांगतो. दुसऱ्या दिवशी बोलाचीबी ताकद राह्यली नाही. चौथ्या दिवशी गेले.” त्या थांबल्या. “दर साली मी इथं येतो. पुस्तकं पुसतो अन् मनात म्हन्तो, यातलंच एक हाय. पन सगळे तांबडे. नाव मले ठाऊक नाही. चार लोकायसमोर बाईनं बसून तीनशे पुस्तकं उलटाचे का? आन् कोनाले पुसू, माह्या नवऱ्यानं मले कोनतं पुस्तक वाचून दाखोलं म्हनून? म्हनून किल्ली ठेवली. कुठी जाऊ नये ते.”

गोवर्धन उठला. नाव विचारायची गरज नव्हती, विषय कळला होता. विषयांच्या पेटीत त्यानं प्राणी काढले, प्राण्यांत पक्षी, पक्ष्यांमागं स्वतःच्याच अक्षरातली एक चिठ्ठी होती: पक्ष्यांचा प्रवास. तिच्यावर दोन आकडे होते. तो तिसऱ्या कपाटापाशी गेला आणि एक तांबडं पुस्तक काढून त्यानं मैनाबाईंच्या हातात दिलं. अकरा वर्षं जे सापडलं नव्हतं त्याला एक विडा खाण्याइतकाही वेळ लागला नाही.

सृष्टीतल्या गोष्टींवरचं पुस्तक होतं ते. वारा, पाऊस, किडे, मासे, पण निम्म्याहून अधिक पानं पक्ष्यांचीच. करकोच्यांच्या पानाला खालचा कोपरा दुमडलेला होता. मैनाबाईंनी तो ओळखला. “असाच दुमडत होते. मी बोंबलली तरी आयकत नव्हते.”

त्या बोटानं वाचू लागल्या, ओठ हलत होते. पान उलटलं. अर्ध्या पानावर प्रकरण संपलं. शेवटची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. “हे पक्षी नेमके कोठून येतात व कोठे जातात, याचा शोध अद्याप लागलेला नाही.”

त्यांनी पुढचं पान पाहिलं. तिथून मासे सुरू होत होते.

“म्हंजे यायलेबी ठाऊक नव्हतं,” त्या म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला होता की गोवर्धनला वाकावं लागलं. “त्या दिवशी हेच वाचलं असंन. अन् मले म्हनले, उद्या पाहून सांगतो. कशात पाहनार होते?”

गोवर्धननं पुन्हा त्याच फळीवर हात घातला. चिठ्ठीवर दोन आकडे होते आणि दुसरं पुस्तक पहिल्याला खेटूनच उभं होतं. काळ्या कापडी बांधणीचं, नंतरच्या काळातलं, नुसतं पक्ष्यांवरचं. त्यानं पान काढून दिलं. कुणी कुणी पक्ष्यांच्या पायांत कड्या अडकवून सोडतात, त्यावर आकडे असतात, आणि असा पक्षी दूर कुठं सापडला की पत्रं धाडून कळवतात, असं त्यात होतं. करकोच्यांबद्दल अर्धं पान होतं. हिमालयाच्या पलीकडं, तुर्कांच्या मुलखाच्याही पलीकडं गवताची अफाट मैदानं आहेत, तिथं त्यांची पिल्लं होतात. थंडी पडली की ते डोंगर ओलांडून आपल्याकडं येतात.

मैनाबाईंनी ते दोनदा वाचलं. मग पहिलं पान उलटलं. शिक्का जानरावांच्या कपाटाचा होता.

बाहेर दमणीचा बैल घंटा हलवत होता.

मैनाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याच वेळी त्या हसू लागल्या. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. “म्हंजे यायले जानरावाच्या घरी जा लागलं असतं,” त्या म्हणाल्या. “जिवंतपनी तं गेलेच नसते. मले आयुष्यभर उद्या उद्या म्हनत राह्यले असते.”

गोवर्धनलाही हसू आवरेना. दोघं बराच वेळ हसत राहिले आणि तेवढ्यात खुशालराव, काय अनर्थ झाला ते पाहायला, दारात येऊन उभे राहिले. त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

मैनाबाईंनी डोळे पुसले. भगवंतरावांचं पुस्तक त्यांनी थोडा वेळ दोन्ही हातांत धरलं, दुमडलेला कोपरा नखानं सरळ केला, आणि ते गोवर्धनकडं दिलं.

“हे होतं तिथं ठेव.”

“घरी न्याचं नाही, बाईसाहेब?”

“घरी नेलं तं प्रश्न घरी जाईन, उत्तर इथं राहीन.” त्यांनी काळं पुस्तक उचललं. “हे दे मले आठ दिवसांसाठी. माह्या नावावर लिव. यायच्या नाही, माह्या.”

गोवर्धननं जानरावांच्या पुस्तकासाठी एक कोरं कार्ड घेतलं, डोक्याशी त्यांचं नाव लिहिलं, उलटलं, आणि शाई लागलेल्या बोटांनी त्यावर पहिलंच नाव लिहिलं, मैनाबाई.